चिठ्ठी आणि कपाट

आम्ही एम.ए.च्या अभ्यासाला होतो तेव्हाची, म्हणजे १९९० च्या सुमाराची गोष्ट. ज्या ग्रंथालयात आम्ही जात असू तेथील कपाटांना कुलपे असत आणि वाचकाला कपाटापर्यंत जाण्याची मुभा नसे. लाकडी कठड्यापाशी उभे राहून ग्रंथाचे नाव, ग्रंथकर्त्याचे नाव आणि क्रमांक चिठ्ठीवर लिहायचा, ती चिठ्ठी पत्र्याच्या डब्यात टाकायची आणि बाकावर बसून राहायचे. अर्ध्या-पाऊण तासाने शिपाई एक तर ग्रंथ घेऊन येई, नाही तर आमचीच चिठ्ठी परत आणी. तिच्यावर तांबड्या पेन्सिलीने ‘नाही’ एवढेच लिहिलेले असे. ग्रंथ नाही, की तो आम्हांला देता येत नाही, की कपाटाची किल्ली सापडत नाही, याचा उलगडा त्या दोन अक्षरांतून कधीच होत नसे. एका जुन्या पोथीच्या नकलेसाठी आम्ही पाच वेळा चिठ्ठी टाकली. पाचव्या वेळी कळले, की ती ‘केवळ संशोधकांसाठी’ आहे. ती पाहिल्यावाचून आम्ही संशोधक व्हावे कसे, याचे उत्तर कठड्यापलीकडे कोणापाशी नव्हते.

ही जुनी कुरकुर या सदरात उकरून काढण्यास निमित्त झाले ते आमच्या एका माजी विद्यार्थिनीचे. गेल्या वर्षी गणपतीच्या दिवसांत ती दर्शनाला घरी आली. वडील कापड-मार्केटात मुनिमी करतात. मुलगी आमच्या सरकारी शाळेतून निघून पुढे जैवतंत्रज्ञानात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षापर्यंत पोचली. तिच्या प्रबंधाचा विषय ऐकून आमच्या सौभाग्यवतींनी नाकाला पदर लावला. एका डेअरीच्या सांडपाण्याच्या नाल्याकाठची माती आणून तिने त्यातून एक जीवाणू वेगळा केला होता. हा जीवाणू स्निग्ध पदार्थ विरघळवणारे एक विकर, म्हणजे एक प्रथिन, तयार करतो. त्या प्रथिनाची ३१२ अक्षरांची संहिता तिच्या हाती होती. त्याचा आकार मात्र ठाऊक नव्हता. तो काढायला मोठा संगणक हवा. जेथे तो होता अशा एका संस्थेकडे तिने अर्ज केला होता. दोन महिन्यांनी उत्तर आले, की बाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी ही सोय नाही.

तांबड्या पेन्सिलीचे ‘नाही’ आम्हांला दिसले. आम्ही हळहळ व्यक्त करण्याच्या तयारीत होतो. परंतु मुलगी हसत होती. तिने आमच्या ओसरीवर बसून आपला जुना लॅपटॉप उघडला, मोबाइलवरून इंटरनेट जोडले, पडद्यावरच्या एका चौकटीत ती ३१२ अक्षरे चिकटवली, एक कळ दाबली आणि ती आत मोदक खायला गेली. वीस-पंचवीस मिनिटांनी परत येऊन पाहते तो पडद्यावर रंगीत फितीच्या गुंडाळीसारखी एक आकृती सावकाश फिरत होती.

“हे तुझ्या या यंत्राने केले?” आम्ही विचारले.

“नाही सर, हे तर हिशेबाचा कागदसुद्धा धड उघडत नाही. क्लाउडवर झालं.”

क्लाउड म्हणजे ढग, एवढे इंग्रजी आम्हांलाही येते. आम्ही नकळत ओसरीबाहेर आभाळाकडे पाहिले, हे कबूल करणे भाग आहे. त्या संध्याकाळी आणि नंतरच्या काही भेटींत तिने जे समजावले, आणि मग आम्ही आमच्या परीने जे वाचले, ते वाचकांपुढे ठेवावे असे वाटते.

प्रथिन म्हटले की आपल्याला डाळ आणि अंडे आठवते. शास्त्रज्ञाच्या लेखी प्रथिन ही एक माळ आहे. वीस प्रकारचे मणी, म्हणजे अॅमिनो आम्ले. ती कोणत्या क्रमाने ओवली यावर प्रथिन कोणते ते ठरते. मात्र ही माळ गळ्यातल्यासारखी लोंबत राहत नाही. बहुतेक माळा पेशीत स्वतःभोवती वळून, दुमडून ठरावीक आकार घेतात, आणि त्या आकारावरच त्यांचे काम अवलंबून असते. अमेरिकेतील ख्रिश्चन अॅन्फिन्सेन यांनी असे एक विकर रसायनांनी पार उलगडून टाकले, रसायने काढून घेतली, आणि ती माळ आपली आपण पूर्ववत गुंडाळली जाऊन पुन्हा कामाला लागते हे दाखवले. १९७२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. तात्पर्य, आकाराची गुरुकिल्ली मण्यांच्या क्रमातच दडलेली आहे. ती वाचायची कशी, एवढाच प्रश्न. आणि त्या ‘एवढ्या’ प्रश्नाने पन्नास वर्षे घेतली.

आकार प्रत्यक्ष पाहण्याचा मार्ग होताच. प्रथिनाचे स्फटिक वाढवायचे, त्यांतून क्ष-किरण सोडायचे आणि किरणांच्या विखुरण्यावरून अणूंच्या जागा गणिताने काढायच्या. केंब्रिजच्या जॉन केंड्र्यू यांनी १९५८ साली मायोग्लोबिनचा आकार असाच काढला, आणि त्या गणितासाठी एडसॅक नावाचा, त्या काळी खोलीभर पसरलेला संगणक वापरला. म्हणजे प्रथिन आणि संगणक यांची सोयरीक पहिल्या दिवसापासूनची. आपल्याकडे मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन यांनी रामकृष्णन आणि शशिशेखरन या सहकाऱ्यांसह १९६३ साली या माळेला कोणती वळणे शक्य आहेत आणि कोणती अशक्य, याचा आलेख मांडला. आजही जगात कोठेही प्रथिनाचा आकार काढला, तरी तो या आलेखावर तपासतात. स्वित्झर्लंडमधील एका सर्व्हरच्या पानावर तिने तो आम्हांला दाखवला. वर ‘रामचंद्रन’ हे नाव होते. आम्ही ते दोनदा वाचले.

स्फटिकांचा हा उद्योग इंदूरच्या वाचकांना परका नसावा, कारण तो आपल्या शहरात चालतो. राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-२ नावाचे सुमारे १७२ मीटर परिघाचे वर्तुळाकार यंत्र आहे. त्यातून निघणाऱ्या क्ष-किरणांच्या एका वाहिनीवर भाभा अणुसंशोधन केंद्राने प्रथिनांच्या स्फटिकांसाठी खास सोय उभारलेली आहे. परंतु प्रथिनाचा चांगला स्फटिक वाढवणे हे अवघड काम. महिनेच्या महिने जातात आणि कित्येकदा हाती गढूळ पाणी राहते. १९७१ साली अमेरिकेत ब्रुकहेवन येथे प्रथिनांच्या आकारांची सार्वजनिक पेढी सुरू झाली तेव्हा तीत सात आकार होते. २०२३ च्या आरंभी ही संख्या दोन लाखांवर गेली. संहिता मात्र कोट्यवधी प्रथिनांच्या ठाऊक आहेत. उरलेल्यांचे काय? तेथे गणितानेच अंदाज बांधावा लागतो.

हा अंदाज संगणक कसा बांधतो हे ऐकताना आमच्यातला मराठीचा विद्यार्थी जागा झाला. मुलगी म्हणाली, संगणक आधी या प्रथिनाचे नातलग शोधतो. निरनिराळ्या जीवांत तेच प्रथिन थोड्याफार फरकाने आढळते. अशा शेकडो, हजारो संहिता तो एकाखाली एक मांडतो आणि फरक न्याहाळतो. आम्ही म्हणालो, अगं, हे तर पाठभेद! एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली ती पोथ्या ताडून पाहूनच. पुढच्या काळातले संपादकही तेच करीत आले.

तिला पाठभेद ठाऊक नव्हते आणि आम्हांला अॅमिनो आम्ले. परंतु त्या क्षणी आमचे जमले. समजा, एखाद्याला मराठी अजिबात येत नाही. त्याच्यापुढे एकाच ओवीच्या हजार पोथ्या ठेवल्या. तो एवढेच पाहतो, की पहिल्या चरणाच्या शेवटी अक्षर बदलले की दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाच्या शेवटीही ते बदलते. अर्थ न कळताही तो सांगेल, की या तीन जागा एकमेकींशी बांधलेल्या आहेत. त्याला यमक हा शब्द माहीत नसेल, पण यमक सापडलेले असेल. प्रथिनाचेही तसेच. माळेतला तिसावा मणी बदललेला दिसला की बरोबर दोनशे दहावाही बदललेला दिसतो. तेव्हा माळ गुंडाळल्यावर हे दोन मणी शेजारी येत असणार. एक फुगला तर दुसऱ्याने आकसायला हवे, नाही तर गाठ सुटेल. अशा हजारो यमकांवरून संगणक घडी ओळखतो. लंडनच्या डीपमाइंड कंपनीच्या अल्फाफोल्ड या प्रणालीने २०२० च्या अखेरच्या जागतिक स्पर्धेत हे इतक्या अचूकपणे करून दाखवले, की जाणकार थक्क झाले. २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल डेमिस हसाबिस आणि जॉन जम्पर यांना त्यासाठी मिळाले. अर्धा वाटा नवी प्रथिने घडवणाऱ्या सिएटलच्या डेव्हिड बेकर यांना गेला.

येथवरची कथा वर्तमानपत्रांतून पुष्कळांनी वाचली असेल. आम्हांला सांगायची आहे ती तिच्या पुढची, जी फारशी छापून येत नाही.

जुलै २०२१ मध्ये अल्फाफोल्डची संगणकीय आज्ञावली सर्वांसाठी खुली झाली. फुकट! परंतु ती चालवायची तर नातलग शोधण्यासाठी लागणारे संहितांचे भांडार स्वतःच्या यंत्रावर उतरवून घ्यायचे, आणि ते होते दोन टेराबाइटांहून अधिक. शिवाय महागडा ग्राफिक्स प्रोसेसर हवा, लिनक्स प्रणाली हवी आणि ती हाताळणारा माणूस हवा. म्हणजे ग्रंथ फुकट, पण न्यायला हत्ती घेऊन या! कुलूप निघाले होते, कपाट मात्र छताला टांगलेले होते. त्याच कंपनीने युरोपीय जैवमाहिती संस्थेच्या साहाय्याने तयार आकारांचे भांडारही इंटरनेटवर मांडले. जुलै २०२२ पर्यंत त्यात वीस कोटींवर आकार आले. परंतु आमच्या मुलीचे प्रथिन नाल्याकाठच्या नव्या जीवाणूचे. त्याची नेमकी संहिता त्या भांडारात नव्हती.

तिच्या कामी आले ते कोलॅबफोल्ड. मिलोट मिर्दिता, सर्गेई ओव्हचिन्निकोव्ह, मार्टिन स्टाइनेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते उभारले आणि २०२२ साली त्यावरचा निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी काम दोन ठिकाणी वाटले. पोथ्यांचे अजस्र भांडार एका सर्व्हरवर ठेवले आणि त्यात नातलग शोधण्याची पद्धत चाळीस ते साठ पट वेगवान केली. तुमचा संगणक तेथे फक्त चिठ्ठी पाठवतो आणि सापडलेले पाठ परत आणतो. पुढचे जड गणित गुगल कंपनी कोलॅब या नावाने जो संगणक काही वेळ विनामूल्य वापरू देते, त्यावर होते. वापरणाऱ्याकडे लागते ते इंटरनेट, एक खाते आणि चिकटवायला संहिता. कापड-मार्केटातल्या मुनिमाची मुलगी ओसरीवर बसून नोबेल मिळालेले यंत्र चालवते ती या जोडकामामुळे.

युक्ती मात्र अगदी नवी नव्हे. १९९३ साली, इंटरनेटची पाने नुकती दिसू लागली होती तेव्हा, जिनिव्हात मॅन्युएल पाइट्श यांनी स्विस-मॉडेल सुरू केले. आपल्या प्रथिनाची संहिता धाडायची, आणि ठाऊक असलेल्या एखाद्या नातलगाच्या साच्यावर बेतलेला आकार मिळवायचा. ते आजही चालू आहे, बाझेल येथून. आपल्याकडे दिल्लीच्या आय.आय.टी.त प्रा. बी. जयराम यांच्या चमूने लहान, गोलाकार प्रथिनांसाठी असाच सर्व्हर उभारून २००६ साली त्याची माहिती प्रसिद्ध केली आणि त्याला नाव दिले ‘भगीरथ’. नाव ठेवणाऱ्याला कामाचे मर्म कळले होते असे आम्हांला वाटते. ज्या नियतकालिकात ही माहिती आली, त्याचा असा विशेषांक २००३ पासून दरवर्षी निघतो. सर्व्हर कोणालाही, नाव न नोंदवता, विनामूल्य वापरता आला पाहिजे ही त्याची अट आहे.

उभारणीचे खरे कष्ट आम्हांला कळले ते रोझीच्या कथेवरून. डेव्हिड बेकर यांच्या प्रयोगशाळेतून रोझेटा ही प्रणाली निघाली आणि अनेक विद्यापीठांनी मिळून ती वाढवली. विद्यापीठांना ती विनामूल्य होती. तरी तिच्या कर्त्यांनीच २०१३ साली प्रांजळपणे लिहिले, की तिचा वापर बहुतांशी ती घडवणारे आणि त्यांचे निकटचे सहकारी यांच्यापुरताच राहिला आहे. वापरायला अवघड, मोठ्या संगणकांची गरज आणि बहुतेक भागांना इंटरनेटवर खिडकीच नाही. म्हणून त्यांनी सर्वांसाठी एक सामाईक खिडकी बांधली. तिच्या इंग्रजी नावातच ‘सर्वांना सामावणारी’ असे शब्द आहेत. आद्याक्षरांवरून ती रोझी. आज्ञावलीला खिडकी बसवण्याच्या या कामाला त्यांनी एक शब्दही घडवला, सर्व्हरिफिकेशन. मराठीत खिडकीकरण म्हणावे काय?

खिडकी म्हणजे नुसती चौकट नव्हे. चिठ्ठी लिहिणारा काय काय चुका करील याचा आधी विचार करावा लागतो. कोणी संहितेत मधेच आकडे चिकटवील, कोणी अर्धीच देईल, कोणी एका दमात दहा हजार आकार मागेल. चिठ्ठी तपासायची, चुकली तर काय चुकले ते माणसाला कळेल अशा भाषेत सांगायचे. नुसते ‘नाही’ लिहून भागत नाही. मग रांग लावायची, कोणाचे काम कोणत्या विद्यापीठाच्या संगणकावर पाठवायचे ते ठरवायचे, झाल्यावर निरोप धाडायचा, निकाल काही काळ जपून ठेवायचे. त्याहून नाजूक गोष्ट आणखी आहे. मूळ प्रणालीत शेकडो खुंट्या. कोणती किती पिळायची हे तज्ज्ञालाच कळते. खिडकीवर त्यांपैकी चार-पाचच ठेवायच्या आणि बाकीच्या आपण आधीच योग्य जागी पिळून ठेवायच्या. यात चूक झाली तर शेकडो लोक एकाच वेळी चुकतात आणि कोणालाही ते कळत नाही. रोझीवर पहिल्या खेपेस सहा निरनिराळ्या चमूंनी नऊ कामांच्या खिडक्या बसवल्या: दोन प्रथिने एकमेकांना कशी बिलगतील, प्रतिपिंडाचा आकार कसा असेल, आणि अशाच आणखी. देखभाल मात्र एका मध्यवर्ती मंडळाकडे ठेवली. यामागे अनुभव आहे. एखादा संशोधक विद्यार्थी हौसेने सर्व्हर उभारतो, त्यावर निबंध लिहितो, पीएच.डी. मिळवून निघून जातो. पुढे एके दिवशी पत्ता टाकला तर तेथे काहीच नसते. दुरुस्तीसाठी निबंध छापत नाहीत आणि पारितोषिक तर नाहीच.

हे सारे ती सांगत असता मधेच म्हणाली, “सर, आपल्या शाळेतही संगणक होते ना? आम्ही कधी पाहिले नाहीत.”

होते. एका योजनेतून दहा आले होते. शिकवणाऱ्याचे पद रिकामे राहिले. यंत्रे बिघडली तर जबाबदारी कोणाची, या भीतीने खोलीला कुलूप लागले. किल्ली गेली सहा वर्षे आमच्याच टेबलाच्या खणात आहे. आमच्या चिठ्ठीवर तांबड्या पेन्सिलीने लिहिणाऱ्या त्या अज्ञात गृहस्थाविषयी आम्ही तीस वर्षे जे बोलत आलो, ते त्या वेळी घशाशी आले. दिवाळीच्या सुट्टीनंतर खोली उघडली. दहापैकी चार यंत्रे सुरू झाली. आता शनिवारी दोन तास आठवी-नववीची मुले तेथे बसतात. एका कळफलकाच्या तीन कळा गेल्या आहेत. त्याचा अहवाल वर पाठवायचा आहे.

क्लाउडकडे परत वळू. ढग हे नाव गोड आहे, पण फसवे. आपल्या इंदूरच्या नळाला नर्मदा येते ती सत्तर किलोमीटरांवरच्या जलूदहून, पंपांनी डोंगर चढून. नळ फिरवणाऱ्याला पंपही दिसत नाहीत आणि विजेचे देयकही. तसेच हे ढग म्हणजे कोठेतरी जमिनीवर उभ्या असलेल्या, वीज पिणाऱ्या यंत्रांच्या वखारी आहेत, आणि त्यांचा कोणीतरी मालक आहे. कोलॅबवर विनामूल्य वेळ मर्यादित असतो. बराच वेळ हालचाल नसली की संपर्क तुटतो. एकदा वीज गेली तेव्हा मुलीचे निम्मे झालेले काम असेच वाया गेले. संहितांचा सर्व्हरही सामाईक आहे. एकाने फार चिठ्ठ्या टाकू नयेत अशी विनंती तेथे केलेली आहे. शिवाय अप्रकाशित संहिता परक्याच्या यंत्रावर धाडायची की नाही, हा प्रश्न तिच्या मार्गदर्शक बाईंनी विचारला होता आणि तो अस्थानी नव्हता. नाल्याकाठच्या विकराचे सोडा. जेथे औषधाचा संबंध येतो तेथे मोठ्या संस्था याच कारणासाठी सारे स्वतःच्या घरातच चालवतात.

मे २०२४ मध्ये अल्फाफोल्डची तिसरी आवृत्ती आली तेव्हा मात्र उलटेच घडले. खिडकी दिली, आरंभी दिवसाला दहा चिठ्ठ्यांची. आज्ञावली दिली नाही. पुष्कळांना खिडकी पुरे वाटली असती. परंतु अनेक शास्त्रज्ञांनी जाहीर पत्र लिहून हरकत घेतली, की आत काय चालते ते तपासता येत नसेल तर निबंध छापलाच कसा? नोव्हेंबर २०२४ मध्ये ती आज्ञावली विद्यापीठीय संशोधकांसाठी खुली झाली. आमचा कल त्या पत्रलेखकांकडे आहे. कोलॅबफोल्डची आज्ञावली प्रथमपासून खुली आहे. ज्याच्याकडे यंत्र आहे तो ती आपल्या घरी चालवू शकतो, आणि ही खिडकी उद्या मिटली तर दुसरा कोणी तशीच उघडू शकतो. कपाट उघडे ठेवून वर शिपायाचीही सोय करणे वेगळे, आणि कपाट मिटून शिपाई ठेवणे वेगळे.

आता त्या आकृतीविषयी. संगणक नुसता आकार देत नाही, आपल्याला कोठे किती खात्री आहे तेही शंभरापैकी गुण देऊन सांगतो. नव्वदाच्या वरचा भाग गडद निळा, सत्तर ते नव्वद फिकट निळा, पन्नास ते सत्तर पिवळा, आणि त्याखालचा नारिंगी. मुलीच्या आकृतीचा गाभा सुरेख निळा होता. पण आरंभाच्या टोकाला एक नारिंगी शेपटी भलतीकडेच लोंबत होती. आमच्या सौंदर्यदृष्टीला ती खुपली. आम्ही म्हणालो, “प्रबंधात छापताना ही शेपटी काढून टाक. चित्र सुबक दिसेल.”

ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, “सर, तुम्ही तर वहीत खाडाखोड दिसली तर नाही, खोडलेलं लपवलं तर मार्क कापायचात.”

शेपटी राहिली. एप्रिलमध्ये तिची तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी आकृती पाहिली आणि पहिलाच प्रश्न त्या नारिंगी टोकाविषयी विचारला. तिने सांगितले, की हे विकर पेशीच्या बाहेर पाठवले जाते. अशा प्रथिनांच्या आरंभी काही मणी पत्त्याच्या चिठ्ठीसारखे असतात. पेशीची सीमा ओलांडताना ते कापून टाकले जातात. या टोकाला स्वतःचा पक्का आकार नसावा तो बहुधा म्हणूनच, आणि म्हणूनच संगणकालाही तेथे खात्री वाटत नाही. हा तिचा तर्क आहे, सिद्ध झालेले नाही, हेही तिने सांगितले. परीक्षकांनी विचारले, सिद्ध कसे करशील? ती म्हणाली, त्या चिठ्ठीवाचूनचे प्रथिन तयार करून त्याचा स्फटिक वाढवून पाहीन, क्ष-किरणांची सोय गावातच आहे.

सध्या ती स्फटिक वाढवते आहे. परवा फोन आला होता. सतरा नळ्यांपैकी सोळांत गढूळ पाणी आहे आणि सतराव्या नळीविषयी ती अजून काही बोलायला तयार नाही.